बुधीबायला न पटलेली कादंबरी

बुधीबायला अक्षर वाचता येत नाही, पण पुस्तकाबद्दल तिचं मत विचारा, बोलता बोलता दुपारची संध्याकाळ करेल. आणि ते मत माझ्याशी कधी म्हणून जुळायचं नाही.

कैनाडला आमची चिकूची शेड आहे. वाडीतून आलेला चिकू धुवायचा, वाळवायचा, लहान-मोठा निवडायचा आणि खोक्यात भरायचा. निवडायला बुधीबाय, कमळी, हिरी अशा बायका सायवनकडून जीपने येतात. हात कामात आणि कान रिकामे, म्हणून पूर्वी मोबाइलवर गाणी लागायची. मग कुणाचं गाणं लावायचं यावरून अशी जुंपायची की मोठा चिकू लहानात जायचा. एकदा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बंद करा ते, मी पुस्तक वाचून दाखवते. आमचे हे रेल्वेतून रिटायर झाल्यापासून रहस्यकथांवर पडलेले असतात, तेव्हा पुस्तकांना तोटा नव्हता.

या हिवाळ्यात त्यांनी एक जाडजूड कादंबरी दिली. डोंगरातला चारशे माणसांचा एक पंथ, त्याचा लाल डोळ्यांचा महाराज, उंच भिंती, कुत्री, फाटकाला हे एवढं कुलूप, आणि आत अडकलेली मंजिरी नावाची पोरगी. “पहिली शंभर पानं नुसतं पाणी घातलंय,” हे म्हणाले, “पण नंतर झोप उडते.”

शेडमध्ये पहिल्याच दिवशी मतं सुरू झाली. कमळीला तपास करणारा इन्स्पेक्टर आवडला. त्याचं लग्न झालंय का, एवढं पुढची पानं चाळून सांगा म्हणून ती माझ्या मागे लागली. हिरी म्हणाली, महाराजाची दाढी वाचूनच तिच्या अंगावर काटा आला. आणि बुधीबाय म्हणाली, “चारशे माणसांचा भात कोण शिजवतं, ते कुठे लिहिलंय?”

“अगं, भाताचं काय घेऊन बसलीस? तिथे पोरगी कोंडलीय!”

“कोंडलीय तर खाते काय? वेळेवर जेवायला घालतात ना? मग महाराज वाईट कसा?”

रोज हेच. महाराजाने मंजिरीचे केस कापायला लावले, बुधीबाय म्हणाली, उवा झाल्या असतील. महाराजाने तिचं नाव बदललं, ही म्हणाली, लग्नात नाही का बदलत? मी चिडायचे. एवढी शहाणी बाई, नवऱ्याच्या बरोबरीने भात आणि नाचणी काढणारी, अख्ख्या पाड्याची भांडणं सोडवणारी, आणि इथे त्या बदमाशाची वकिली करते! एकदा तर मी पुस्तक आपटलं. “तुझा कोण लागतो गं तो?” म्हटलं.

ती मान खाली घालून चिकू निवडत राहिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझं लक्ष पुढच्या प्रकरणाकडे.

तिची एकुलती एक पोर प्रगती. बारावी झाली आणि कुणा मैत्रिणीच्या नादाने एका गुरुजींच्या केंद्रात सेवेला गेली. उधव्याच्या पुढे, राज्याच्या हद्दीपलीकडे ते केंद्र आहे. बुधीबायनेच तिला कौतुकाने पाठवलं होतं. पाड्यात घरोघरी जाऊन सांगितलं, माझी पोर देवाच्या कामाला गेली, मोठी होणार. पहिले काही महिने फोन यायचा. दिवाळीपासून तोही बंद. कुणी विचारलं की बुधीबाय म्हणायची, “सुखात आहे.” आम्हालाही ते खरं वाटायचं.

त्या दिवशी मंजिरीच्या आईचं प्रकरण आलं. ती आई खिडकीत बसते आणि रडते. पुढचं प्रकरण, पुन्हा खिडकी, पुन्हा रडणं. मला स्वतःलाच जांभया येत होत्या. तेवढ्यात एक चिकू सण्णकन येऊन टेबलाच्या पायावर फुटला.

“रडते काय नुसती!” बुधीबाय उभी राहिली होती. “पाय मोडले का तिचे? जा म्हणावं! फाटकात जाऊन बस, पोरीला हाक मार! आई आहेस का कोण आहेस?”

शेडमध्ये सगळे हात थांबले. कमळीच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, “मग तू कधी गेलीस गं?”

मी कमळीला गप्प करणार होते, पण बुधीबाय मटकन खाली बसली. चिकाने चिकट झालेले हात तसेच तोंडावर धरले. “केंद्रातले म्हणाले, यायचं नाही, साधना मोडते. आणि बाय, मीच गावभर मिरवलं. आता कुठल्या तोंडाने परत आणू? लोक हसतील ना.” मग अगदी हळू म्हणाली, “जिवंत तरी आहे का माझी पोर?”

मी पुस्तक मिटलं. असा राग आला होता मला, त्या केंद्राचा, स्वतःचा, त्या खिडकीत बसलेल्या बाईचाही. म्हटलं, “उद्या सकाळी विनोदचा टेम्पो वापीला माल घेऊन जातोय. वाट वाकडी करून आपण केंद्रावर जायचं.”

टेम्पोत खोकी आणि खोक्यांना टेकून आम्ही चौघी. तलासरी मागे पडली तशी हिरी हळूच विचारायला लागली, कुत्री सोडली तर काय करायचं? कमळीने पिशवीतून विळा काढून दाखवला. “हा कशाला?” “पुस्तकात भिंतीवर काटेरी झुडपं होती ना.” मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगते, तो परत ठेव असं काही मी म्हटलं नाही.

पोचलो तर ना कुत्री, ना भिंत. झाडलेलं अंगण, तुळशीची रोपं, स्पीकरवर बारीक आवाजात भजन. फाटक सताड उघडं. पांढऱ्या कपड्यांतला एक गोड माणूस पुढे आला. “आवो बेन, बेसो, चा पीशो?” कमळीचा चेहराच पडला.

प्रगतीचं नाव काढलं तसा तो आणखी गोड झाला. म्हणाला, बहेन मौनात आहे, आज भेट होणार नाही. ती आपल्या मर्जीने आली आहे, सज्ञान आहे.

“मग तिची मर्जी तिलाच विचारू द्या ना!” मी ओरडले. तो हसतच राहिला. त्या हसण्याची मात्र मला भीती वाटली. पुस्तकातल्या लाल डोळ्यांची नव्हती वाटली तेवढी.

बुधीबायने वाद घातला नाही. फाटकात मांडी घालून बसली, तोंडाभोवती हात धरले आणि शेताच्या या टोकावरून त्या टोकाला मारतात तशी हाक मारली, “प्रगतीऽऽऽ! घरी चऽऽल!” लोक गोळा झाले, हात जोडून म्हणाले, शांती राखा. ती थांबेना. घसा बसला, तरी थांबेना.

मग मागच्या इमारतीतून एक पोरगी धावत आली. अनवाणी, हातांना पीठ लागलेलं, गालफडं बसलेली. आम्ही ओळखलंच नाही, आईने ओळखलं.

“आये, तू रागावली नाहीस ना?” हे तिचं पहिलं वाक्य. “मला दिवाळीपासून यायचं होतं. फोन यांच्याकडे. म्हणाले, घरून कुणी विचारतसुद्धा नाही. आणि तू सगळ्यांना सांगितलंस ना, लोक तुला हसतील म्हणून...”

बुधीबायने तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच कवटाळलं. आम्ही सगळ्या रडलो, विनोदही नाक पुसत होता. कुणी अडवलं नाही. तो गोड माणूस दाराशी उभा राहून बघत राहिला.

परतताना तलासरीला वडापाव घेतले. प्रगती खात होती, आई तिच्याकडे बघत होती, आणि कमळी विळ्याने मिरच्यांची देठं कापून विळ्याचा उपयोग झाल्याचं सांगत होती. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. आणि पाड्यातली माणसं? हसली, एक दिवस. दुसऱ्या दिवशी कुणाची तरी म्हैस हरवली आणि सगळे म्हशीच्या मागे लागले.

आता प्रगती शेडमध्ये येते. कादंबरीचा राहिलेला भाग तिनेच वाचून दाखवला. शेवटी इन्स्पेक्टर गोळी झाडून कुलूप फोडतो, महाराज आगीत सापडतो, मंजिरी सुटते. कमळी खूश, हिरी खूश.

“तुला कसं वाटलं गं?” मी प्रगतीला विचारलं.

“खोटं आहे, मावशी. एवढं कुलूप असतं तर कोंडलंय हे कळून मी पहिल्याच दिवशी पळाले असते. तिथे फाटक रोज उघडंच असायचं.”

बुधीबाय हातातला चिकू फिरवत होती.

“आणि हाक मारली की आत ऐकू जाते, ते लिहिलंय का त्याने?”

“नाही, आये.”

“मग अर्धंच लिहिलंय,” ती म्हणाली आणि चिकू मोठ्यांच्या खोक्यात ठेवला. या वेळी मी तिच्याशी भांडले नाही.