वेगळं ताट

मी आमचं गाव, एकोडी, सोडलं त्या दुपारी माय अंगणात भांडी घासत बसली होती. माझं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. नितीनची नोकरी पुण्याला, आणि साकोलीकडे जाणारी बस कधीही आली असती. तरी खरकटी भांडी मागे टाकून माय थांब्यावर यायला तयार नव्हती. धानाच्या तणसाचा बोळा राखेत बुडवून ती भाताचा गंज, म्हणजे पातेलं, घासत होती आणि मी नव्या साडीत, हातात बॅग घेऊन तिच्यामागे उभी होते. पुणं मी कधी पाहिलं नव्हतं. नितीनलाही अजून नीटसं ओळखत नव्हते. माझा चेहरा न पाहताही तिला ते समजलं असावं. मान न वळवता ती म्हणाली, "भेव वाटला का हाताले काम देत जाय बाई. भांडी घासाले बस."

पुण्यातली पहिली वर्षं मी तेच केलं. भाड्याच्या घरातल्या अरुंद सिंकपाशी उभी राहून मी तीच तीच भांडी घासायची. शेजारणींचं झरझर बोलणं मला झेपत नव्हतं. माझ्या तोंडून 'मले' निघालं की दुकानदार हसायचा, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. पुढे नोकरी लागली, इरा झाली, हिंजवडीच्या बाजूला आमचा स्वतःचा फ्लॅट झाला. कामाला येणारी बाई गावी निघून गेली, दुसरी मिळेना, तेव्हा आम्ही डिशवॉशर घेतला. खोटं कशाला बोलू, मला तो फार आवडला. रॅकमध्ये ताटं लावायची, गोळी टाकायची, बटण दाबायचं. फोनवर मायला सांगितलं तर ती म्हणाली, "मशीन घासते, तं तू काय करून राहते?" मी तेव्हा हसले होते.

हे मी तुम्हा सगळ्यांसाठी लिहिते आहे, जे गावाकडेच राहिलात त्यांच्यासाठी आणि माझ्यासारखे जे निघून आलात त्यांच्यासाठीही. मायला विचारूनच लिहिते आहे.

बाबा गेल्यानंतर माय माझ्या भावाकडे, सुरेशकडेच राहते. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली, पोती घरात आली, की थोडे दिवस पुण्याला यायची. त्या वर्षी आली तेव्हा तिचं वागणं मला जरा वेगळं वाटलं. ती सगळ्यांच्या मागून जेवायची. आमची ताटं मशीनमध्ये जाऊ द्यायची, पण स्वतःचं ताट, वाटी आणि पेला उचलून सिंकपाशी न्यायची, हातानं घासायची आणि बाल्कनीच्या कट्ट्यावर वेगळी वाळत घालायची. मी तिच्या हातून ताट घेऊ लागले की ती पाठ फिरवायची. मला वाटलं, मशीनवर तिचा भरवसा नाही. इरा मांडीवर चढली की "लांब बस, मले गरमी होते," म्हणायची. तेव्हा थंडीचे दिवस होते. आम्ही सगळे स्वेटरमध्ये होतो.

एका दुपारी मशीन थांबलं. तळणीची भांडी होती म्हणून मी सर्वांत गरम प्रोग्राम लावला होता. दार उघडलं तशी वाफ बाहेर आली. तेवढ्यात इराची स्कूल बस आली म्हणून मी तिला घ्यायला खाली गेले. वर येऊन पाहते तर मायनं स्टीलचा मोठा गंज दोन्ही हातांत धरला होता आणि ती ओट्याकडे चालली होती. मदत म्हणून मी शेजारची झाकणी उचलली आणि चटका बसून ती माझ्या हातून खाली पडली.

"माय, ठेव ते. गरम आहे," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आधी गंजाकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. गंज सावकाश ओट्यावर ठेवला. बोटं लालभडक झाली होती, आणि चहाच्या वेळेपर्यंत त्यांवर फोड आले. दुखत नाही का, असं मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "दुखलं असतं तं बरं झालं असतं."

मग तिनं पोलक्याची बाही वर सरकवली. कोपराच्या वर फिकट तांबूस चट्टा होता. तिथं केस नव्हते, घाम नव्हता. मागच्या रोवण्याच्या वेळी, चिखलात धान लावताना तिला तो पहिल्यांदा दिसला होता. तिनं स्वतःच सुई टोचून पाहिली होती आणि काहीच कळलं नव्हतं. तेव्हापासून कोणाला न सांगता ती गावीही आपलं ताट वेगळं घासत होती.

त्या आजाराचं नाव आमच्या दोघींपैकी कोणीच उच्चारलं नाही. मला एवढंच आठवलं की बाबांच्या एका आत्याचा विषय घरात निघाला की मोठी माणसं आवाज खाली आणायची. तिचं सगळं मला मायनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. आत्याला महारोग झाला होता आणि तिला गुरांच्या कोठ्यात ठेवलं होतं. माय तेव्हा नवी सून होती, जेवण नेऊन द्यायचं काम तिच्याकडे होतं. "जर्मनच्या थाळीत वरून टाको मी," माय सांगत होती. "थाळी तिची तिनंच घासावी. बोटं राहिली नव्हती, तं मनगटानं घासे. मी दारात उभी राहून पाहो."

तिचं बोलणं संपल्यावर माझी नजर नकळत टेबलावरच्या पेल्याकडे गेली. त्यातून इरा दूध प्याली होती. मग मी जे केलं ते विचार करून केलं नव्हतं. मशीनमधली सगळी भांडी स्वच्छ होती, त्यात मी तो पेला ठेवला, गोळी टाकली आणि मशीन पुन्हा चालू केलं. पाण्याचा आवाज सुरू झाला. माय हॉलमध्ये बसली होती. तिनं तो आवाज ऐकला, उठली आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी नितीन आला तेव्हा त्याला कसं सांगावं हे मला सुचत नव्हतं. तो कोंढ्याचा, आमच्याच जिल्ह्यातला. त्याच्या गावातही लोक या आजाराला आमच्या गावाइतकेच भितात. तो माझ्या मायला काय म्हणेल, आईवडिलांना सांगेल का, इराला घेऊन त्याच्या भावाकडे जाईल का, सगळं माझ्या मनात येऊन गेलं. त्यानं ऐकून घेतलं. बराच वेळ बुटांची नाडी सोडत बसला. मग बाल्कनीत जाऊन मायला म्हणाला, "मामी, उद्या मी सुट्टी टाकतो. दवाखान्यात जाऊ."

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर माझ्याहून लहान होती. तिनं मायचा हात हातात घेतला, हातमोजा न घालता. मायनं तो मागे ओढायचा प्रयत्न केला तेव्हा तिनं सोडला नाही. आजाराचं नाव तिनं सर्दी-खोकला म्हणावं इतक्या सहज घेतलं. कुष्ठरोग. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, गोळ्या फुकट मिळतात, आणि गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही. ताटवाटीतून तर तो लागतच नाही. मात्र बोटांतली गेलेली जाणीव परत येईलच असं सांगता येत नाही, म्हणून गरम भांड्यापासून जपायचं.

मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. डॉक्टरनं इराच्या पाठीवरून कापसाची वात फिरवली. इराला गुदगुल्या झाल्या आणि ती खिदळली. तिला कळतंय, तिला कळतंय, असं माझ्या मनात चाललं होतं, आणि त्या खोलीत सगळ्यांसमोर मला रडू कोसळलं.

एरवी माय पुण्यात आली की पंधरवड्यात कंटाळायची. इथं बोलायला कोणी नाही, बोडीची, म्हणजे गावतळ्याची, पाळ नाही, लिफ्टमध्ये जीव घाबरतो, अशी तिची कुरकुर चालायची. या वेळी तिनं जायचं नावच काढलं नाही. गावी गोळ्या घ्यायच्या म्हणजे आरोग्य खात्याची आशाताई घरी येणार, अंगणात बसणार, आणि गोळ्यांचं पाकीट कोणी ना कोणी ओळखणार. गोळ्यांनी तिची कातडी काळवंडली होती. इथं खाली बागेत बसणाऱ्या बायकांपैकी कोणी विचारलं नाही, कारण ती आधी कशी दिसायची हे त्यांना माहीतच नव्हतं. ज्या अनोळखीपणाला मी वर्षानुवर्षं भ्याले, त्याच्याच आडोशाला माझी माय निर्धास्त बसली होती. सुरेशला आम्ही हाताचं दुखणं आहे एवढंच सांगितलं.

गोळ्यांचा कोर्स संपला, डॉक्टरनं बरी झाल्याचं सांगितलं, आणि आता परत न जाण्याला काही कारण उरलं नाही. मी सोबत गेले. मला वाटत होतं, आता बरी झालीच आहे तर सांगायचंच कशाला? मायला ते पटलं नाही. घरात सुरेशचा लहान पोरगा आहे, त्याचंही अंग पाहून घेतलं पाहिजे, म्हणाली. पोचलो त्याच दिवशी तिनं सुरेशला आणि त्याच्या बायकोला, अर्चनाला, समोर बसवून सगळं सांगितलं. बरी झाले हे आधी सांगितलं, आजाराचं नाव नंतर. सुरेश खाली पाहत राहिला. अर्चनानं पोराला जवळ ओढून घेतलं.

संध्याकाळी पानं वाढली. आमच्यापुढे नेहमीची स्टीलची ताटं आली. मायचं जेवण अर्चनानं एका जुन्या परातीत वाढलं आणि ते जरा लांब, भिंतीशी ठेवलं. मी बोलायला उठले तशी मायनं माझं मनगट धरलं.

"बस," ती हळूच म्हणाली. "तिले भेव वाटते. तुले नव्हता वाटला?"

मी बसले.

चार दिवसांनी मी निघाले तेव्हा माय थांब्यापर्यंत आली. तिला कोठ्यात झोपवतील, पोराला तिच्याजवळ जाऊ देणार नाहीत, असं गाडीत बसल्यापासून माझ्या डोक्यात फिरत होतं. पुण्यात आल्यावर रोजच्या फोनवर मी जेवलीस का एवढंच विचारायचे. कशात जेवलीस, हे विचारायची मला हिंमत होत नव्हती. तीही जेवली म्हणायची आणि पुढे धानाचं सांगायची. मध्ये एकदा म्हणाली की तिनं स्वतःच आशाताईंना घरी बोलावलं. त्यांनी सुरेशचं, अर्चनाचं, पोराचं अंग तपासलं आणि अर्चनानं त्यांना पुष्कळ काही विचारलं. काय विचारलं ते मायनं सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात मी फोन केला तो अर्चनानं उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. माय कुठे आहे, म्हणून विचारलं.

"भांडी घासून राहिल्या, ताई."

मी विचारलं, "कोणाची?"

"सगळ्यांचीच," अर्चना म्हणाली. "मी म्हटलं राहू द्या, तं आयकतच नाहीत. चुलीवरचा गंज तेवढा मी निवू देतो, मंगच त्याहिले देतो."

भीती गेली असं मी म्हणणार नाही. गावात कोण काय बोलेल, पोराच्या अंगावर उद्या काही उठेल का, हे सगळं अजून मनात येतं. पण घर कशाला म्हणायचं हे मला कोणी आता विचारलं, तर मी एकोडी म्हणणार नाही आणि हिंजवडीही म्हणणार नाही. जिथं मायच्या हातानं घासलेलं ताट दुसरं कोणी पुन्हा न धुता वाढून घेतं, ते घर, एवढंच सांगेन.

अर्चनानं फोन मायच्या कानाजवळ नेला असावा. माय म्हणाली, हात ओले आहेत, आटोपलं की बोलते. मी फोन ठेवला नाही. कानाला तसाच लावून धरला आणि तिकडं ताटावर ताट पडत होतं ते ऐकत उभी राहिले.