दादाचं ताट

माझ्या दादाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल मलाच बोलावं लागतंय. फार गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून आले आहे, आणि घरचं जे काम आहे त्याला सुट्टी नसते.

आम्हा दोघांना आजार एकच, आईबापांकडून आलेला. अन्नातल्या प्रथिनांमधला एक घटक आमच्या शरीराला मोडता येत नाही. तो रक्तात साचतो आणि मेंदूला बाधतो. बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचा थेंब तपासला की हे पहिल्या काही दिवसांतच कळतं, आणि तेव्हापासून खाणं सांभाळलं तर मूल चारचौघांसारखं वाढतं. दादा जन्मला तेव्हा आमच्या इस्पितळात ही तपासणी होत नव्हती. मी त्याच्या पाठची, मी जन्मले तेव्हा नुकती सुरू झाली होती. एवढाच फरक. त्यात माझी हुशारी नाही आणि त्याचा गुन्हा नाही.

माझं निघालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, वरचं मूल कसं आहे? तोवर दादाला ना शब्द फुटला होता ना त्याची नजर ठरत होती, आणि आई सगळ्यांना सांगत होती की मुलगे बोलायला उशीरच लावतात. त्याचंही रक्त तपासलं, तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, याला आता पथ्याचा उपयोग नाही, हवं ते खाऊ द्या, मुलीकडे लक्ष द्या.

झालं. एका टेबलावर दोन न्याय सुरू झाले. माझ्या ताटात तोलून दिलेल्या भाज्या, फळं, वेगळ्या पिठाचा कोरडाठाक पाव, आणि वर औषधी पावडरीचा पेला, त्याला ओल्या गोणपाटासारखा वास. दादाच्या ताटात दूध, अंडी, मासे. त्याने हात आपटला की मिळायचं. मला त्याचा असा हेवा वाटायचा की काय सांगू. दादाचेच एवढे लाड का, म्हणून मी भोकाड पसरायचे.

कसले डोंबलाचे लाड! दादा मोठा झाला तसा स्वतःचाच हात चावायला लागला, मनगटाच्या वर, रक्त येईपर्यंत. भिंतीवर डोकं आपटायचा. अंगाला खाज, झोपेचा पत्ता नाही. एकदा मला असं ढकललं की माझा दात गेला. बाबा गेले, मग आई गेली, आणि दादा माझ्या गळ्यात आला. आईची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, सोबतीला राहायला आली म्हणून मी कामावर तरी जाऊ शकते. पण चाळिशीतल्या दांडग्या माणसाला आवरता आवरता आम्हा दोघींच्या नाकी नऊ आले होते.

मला तो घरातून जायला हवा होता. स्पष्टच सांगते, कुणाला वाईट वाटायचं तर वाटो. अशा माणसांना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था आहे, तिथे मी त्याचं नाव घातलं होतं. एक जागा लवकरच होईल, असा निरोपही आला होता.

त्याच सुमारास मी माझ्या तपासणीला गेले. आम्हाला जन्मभर जावं लागतं. पथ्य ढिलं पडलं की मला भिंगाचा कोन नीट लावता येत नाही आणि पित्त खवळल्यासारखी सगळ्यांवर खेकसते. मालक लगेच ओळखतात, काय खाल्लंत बाई, म्हणतात. तर डॉक्टरीणबाई नव्या होत्या. त्यांनी दादाची चौकशी केली. म्हणाल्या, गेलेलं परत येणार नाही हे खरंच, पण आज रक्तात जे साचतंय ते त्याला आज छळतंय, काही महिने पथ्य करून बघा, कधी कधी अशी माणसं शांत होतात.

माझं डोकंच फिरलं. हे म्हणजे वरातीमागून घोडं! आयुष्यभर त्याला ते भरवून झाल्यावर आता सांगताय? तरी मी हो म्हणाले. का, तर प्रयत्न करावा, तो फसावा, आणि मग निर्धास्त मनाने त्याला पोचवून यावं. माझा हिशेब एवढाच होता.

फसायला वेळ लागला नाही. पहिला पेला भिंतीवर गेला, दुसरा माझ्या अंगावर. खाणं बदललं तरी रक्त तिळभरही सुधारेना. डॉक्टरीणबाईंना कोडं पडलं. मला नाही पडलं, कारण मावशीच्या खोलीतल्या कुंडीत अंड्याची टरफलं सापडली. मी विचारलं तर तिने डोळ्याला पदर लावला.

"खाण्याशिवाय दुसरं काय सुख आहे गं त्याला?"

"ते सुखच चावतंय त्याला, मावशी."

मग आमचं असं वाजलं की शेजारची बाई खिडकी लावून बसली. भांडण विझता विझता मावशी एक बोलली ते मात्र मला लागलं. म्हणाली, तू स्वतः तो पेला बेसिनपाशी जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून, नाक दाबून पितेस, तोंड असं करतेस जसं विषच घेतलंय, आणि त्याने काय म्हणून प्यावा?

खरं होतं. लहानपणापासूनची खोड ती. दुसऱ्या दिवशी मी दादाच्या समोर खुर्ची ओढून बसले, पेला तोंडाला लावला आणि आईस्क्रीम खाल्ल्यासारखे ओठ चाटले. दादा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याच हातातला पेला ओढून घेतला, उरलेलं प्यायला, आणि तोंड वाकडं करून मला एक चापट मारली. मावशी हसून हसून खाली बसली. तेव्हापासून अंडी बंद झाली.

हळूहळू मनगट भरून आलं. अंगावरचे चट्टे गेले, झोप लागायला लागली. बोलायला लागला वगैरे काही नाही, उगाच कुणी आशा करू नका. पण खिडकीत शांत बसायचा.

आणि नेमक्या अशा वेळी संस्थेच्या बाई त्याला बघायला आल्या. खूश झाल्या. म्हणाल्या, एवढा शांत असेल तर कुलपातल्या खोलीत नको, बागेकडची खोली देऊ. मला हवं होतं त्यापेक्षा जास्तच मिळत होतं. मी पथ्याचं विचारलं. बाई खोटं बोलल्या नाहीत. एकच स्वयंपाकघर, सगळ्यांना एकच जेवण, एकट्यासाठी तोलून देणं आणि रक्त तपासणं जमणार नाही, म्हणाल्या. म्हणजे तिथे गेला की महिन्याभरात पुन्हा मनगट. शांत झाला म्हणून चांगली खोली, आणि त्या खोलीत गेला की शांतपणा संपला. उद्या कळवते, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर दादा दारातच उभा. मावशी म्हणाली, "तू गेल्यापासून सारखा दाराशी येतोय. मला वाटतं, वाट बघतोय."

दादाने कधी कुणाची वाट बघितलेली नव्हती. आई गेली तेव्हा हा सगळ्या माणसांमधून सरळ चालत जाऊन पाव खात बसला होता. आता त्याने माझ्या बाहीचं टोक चिमटीत धरलं आणि सोडेना. मला रडू आलं, आणि ते निव्वळ मायेचं होतं असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं मी त्याला कुठेही ठेवून आले असते तर त्याला कळलंही नसतं. आता कळणार होतं.

बाही त्याच्या हातात तशीच ठेवून मी फोन लावला. जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या, म्हटलं. बाई म्हणाल्या, नीट विचार करा, मावशींनंतर तुम्ही एकट्याच आहात, अशी जागा पुन्हा मिळायची नाही.

म्हटलं, माहीत आहे.