डोहाला निवळी

लग्न होऊन मी दुधनाकाठच्या त्या गावात आले, तेव्हा निजामावरची पोलीस अ‍ॅक्शन होऊन दोन वर्षं झाली होती. माझं माहेर गंगाखेडकडचं, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठचं, त्यामुळे मासा म्हणजे माझा जीव की प्राण. सासरी मासे मारायचे ते भाल्यानं, आणि तेही थंडीतच. पावसाळाभर दुधना तांबडी असायची. दिवाळीनंतर धार बारीक व्हायची, गाळ खाली बसायचा आणि डोहाचा तळ हळूहळू वर आल्यासारखा दिसायला लागायचा.

माझे सासरे, मामंजी, रोज सकाळी काठावरच्या खडकावर बसून पाणी बघायचे. ते ‘निवळलं’ म्हणाले की पहिला भाला त्यांचा, मग बाकीच्यांचे. तोवर कुणी डोहात पायसुद्धा घालायचा नाही, गाळ उठतो म्हणून.

त्या वर्षी पौष निम्मा सरला तरी मामंजींचं आपलं एकच, “गढूळ हाय अजून.” त्यांचा शब्द मोडायचा कुणी? माणसं भाले घासून घासून कंटाळली आणि मी पिठलं खाऊन खाऊन. नव्या सुनेला डोहाकडं जायचं काम नव्हतं, आम्ही पाणी वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं आणायचो. म्हणून डोह गढूळ आहे हे मला खरंच वाटलं. माठातलं पाणी आपण निवळीच्या बीनं स्वच्छ करतो, मग डोहाचं का नको? मूठभर बिया सहाणेवर उगाळल्या आणि दिवेलागणीला गुपचूप डोहात ओतून आले. सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. “अगं बाई, डोह म्हंजे काय रांजण वाटला का तुला?”

सकाळी ऊन वर आल्यावर मी बघायला गेले. पाण्यावरून धुकं उठत होतं. आणि काय सांगू! तळाची वाळू, वाळूवरचे शिंपले, सगळं लख्ख. आधी वाळूवरून एक काळी सावली सरकली. मग त्या सावलीच्या वर बघितलं तर मरळ, चांगली हातभर लांब, नुसती तरंगत होती. पाणी आहे की नाही तेच कळेना. किती वेळ तशी उभी होते, देव जाणे. श्वाससुद्धा जपून घेत होते. वेडी मी, मला वाटलं ही माझ्या निवळीची करामत.

मामंजी खडकावर होते. मी धावत गेले.

“मामंजी, निवळलं बघा! मरळ दिसायलीय.”

त्यांनी पाण्याकडं बघितलं. “न्हाई पोरी. गढूळ हाय.”

माझी जीभ आधीच लय तिखट. बोलून गेले, “पाणी न्हाई, तुमचे डोळे गढूळ झालेत!”

बोलले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामंजी मात्र चिडले नाहीत. हळूच म्हणाले, “ठाव हाय मला. दसऱ्यापासून असंच दिसायलंय. पण निवळलं म्हणलं की पहिला भाला मारावा लागतो. समद्यांम्होरं चुकला तर?”

मला रडूच फुटलं. डोळे पुसले आणि म्हणाले, “मी बघते. तुमी मारा.”

दुसऱ्या दिवशी मामंजींनी ‘निवळलं’ सांगितलं. सगळं गाव काठावर जमलं. मी डोईवर पदर घेऊन त्यांच्या मागं उभी. सुनेनं असं पुढं येणं लोकांना खटकलं असेल, खटको बापडं. “डाव्या अंगाला, दोन हात,” मी पुटपुटले. त्यांनी भाला मारला तो मी सांगितलं त्याच्या वीतभर खाली. हाय रे देवा, चुकले! पण बांबू थरथरला आणि भाल्याच्या टोकाला मरळ वर आली.

“दिसतो त्याच्या खाली असतो मासा,” ते म्हणाले. “त्याला डोळे लागत न्हाईत.”

पुढं चार हिवाळे असंच चाललं. पाणी मी बघायचे, निवळलं ते सांगायचे. गावाला कळलं नसेल असं थोडंच, पण कुणी ब्र काढला नाही.

पाचव्या वर्षी दिवाळी झाली आणि मामंजी गेले. पौषात माणसं भाले घेऊन काठावर आली आणि माझ्याकडं बघत थांबली. ऊन थेट तळापर्यंत गेलं होतं. दोन मरळी वाळूलगत निवांत होत्या. खडकावर कुणी नव्हतं.

“गढूळ हाय अजून,” मी म्हणाले.

त्यांनी एकदा त्या लख्ख पाण्याकडं बघितलं, भाले खांद्यावर टाकले आणि माणसं घरी गेली.