चिंचआळीने मोडलेला कोरम

तात्या राऊतांचा कोणावर विश्वास नव्हता, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना अभिमानाने सांगत. कोळणीकडून बोंबील घेतले की वाटा उलटा करून खालचे बघायचे. लग्नपत्रिका आली की आधी कोणाचं नाव गाळलंय ते शोधायचे. एका डॉक्टरच्या गोळ्या दुसऱ्याला दाखवायचे आणि शेवटी दोघांच्याही न घेता घरी ओव्याचा काढा करून प्यायचे. त्यांची बायको जमुना म्हणायची, "यांना देव भेटला तर आधी आधारकार्ड मागतील."

याला कारण होतं. तात्यांची अठ्ठावीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये गेली होती. शिपाई म्हणून लागले आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झाले, पण कागद काय काय करू शकतो हे त्यांच्याइतकं त्यांच्या साहेबांनाही ठाऊक नसेल. सहीच्या वर दोन बोटं जागा मोकळी राहिली आणि तिथे मागाहून घुसवलेल्या एका ओळीने एका माणसाची आंबराई गेली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तात्या तर साधं पाणीही फुंकून प्यायचे.

अशा माणसाला चिंचआळी रहिवासी मंडळाने नऊ वर्षं सचिव ठेवलं होतं, आणि त्यात मंडळाचं चुकलं होतं असं म्हणता येणार नाही. खडकोळी गाव बोईसरच्या पश्चिमेला, खाडीच्या अलीकडे. आळीत सत्तावीस घरं, परसात केळी आणि पानवेली, तरुण माणसं बोईसरच्या कारखान्यांत पाळीवर. मंडळाचा अध्यक्ष शैलेश सावे हा त्यांपैकीच एक. त्याची झोप पुरी व्हायची मारामार, तो आळीचं काय बघणार. विजेच्या खांबावरचा दिवा, गटाराची झाकणं, मोकाट कुत्री, सगळ्यासाठी पंचायतीत खेटे घालायचे ते तात्यांनीच. अर्जाच्या तीन प्रती, प्रत्येकीवर पोच, पोचेवर शिक्का, शिक्क्याखाली वेळसुद्धा. एका दिव्यासाठी सात अर्ज आणि अकरा महिने लागले, पण दिवा लागला. पलीकडच्या धोडीपाड्यावरचे लोकही रेशनकार्डाचा नाहीतर दाखल्याचा कागद घेऊन तात्यांच्याच ओटीवर येत. तात्या आधी त्यांच्यावर संशय घेत, मग कागद लिहून देत.

आळी आणि पाडा यांच्या मधे गुरचरणाची जागा होती आणि तिथे गोड्या पाण्याची एक विहीर. खाडी जवळ असल्यामुळे कुठेही बोअर मारा, पाणी मचूळ लागायचं. नळ आला होता, पण तो एक दिवसाआड आणि तोही त्याच्या मर्जीने. प्यायला आणि डाळ शिजवायला विहिरीचंच पाणी. दोन्हीकडच्या बायका तिथेच भेटायच्या, तिथेच भांडायच्या आणि तिथेच मिटवायच्या.

जानेवारीत एका संध्याकाळी दीपिका धोडी आळीत आली. ही पाड्यावरची पोरगी, बारावी झालेली, दोन वर्षांपूर्वी पंचायतीवर सदस्य म्हणून निवडून आलेली. पंचायतीच्या फळ्यावरच्या नोटिशीचा फोटो तिने मोबाइलवर आणला होता. तात्यांनी चष्मा लावून वाचला. विषय क्रमांक सात, घनकचरा शेडसाठी गुरचरणातील जागा निश्चित करणे.

"विहिरीपासून वीस पावलांवर येते ती शेड," दीपिका म्हणाली. "तात्या, सव्वीस तारखेच्या ग्रामसभेला तुमी सगल्यांनी या. हजेरीत सही करा आन उभे राहून इरोध सांगा. पाड्यावरचे पन येतील."

"तू पंचायतीची सदस्य हायस ना?"

"हाय."

"मंग पंचायतीच्या इरोधात आमाला कशाला बोलावतेस?"

"मी एकटी पडते तिकडं, तात्या."

तात्यांनी मान डोलावली आणि मनात म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. सदस्य होऊन दोन वर्षं झाली, पंचायतीत खुर्ची मिळते, आणि ही म्हणते एकटी पडते. शिवाय तिचा भर कशावर होता? सहीवर. या सही करा. हजेरीच्या वहीत आधी सह्या घ्यायच्या आणि ठराव मागाहून वर लिहायचा, ही युक्ती तात्यांनी रेकॉर्डरूममध्ये किती वेळा पाहिली होती. आणि मुख्य म्हणजे दोनच दिवसांपूर्वी त्यांनी तिला पालघरहून आलेल्या ठेकेदाराच्या पांढऱ्या गाडीतून उतरताना पाहिलं होतं. कचऱ्याची शेड बांधणार तो हाच ठेकेदार. आता आणखी काय पुरावा हवा?

त्या रात्री जेवताना त्यांना उपाय सुचला आणि ते स्वतःवरच खूश झाले. ग्रामसभेला शंभर माणसं लागतात. बाकीच्या आळ्यांतून येऊन येऊन पन्नाससाठ येणार. चिंचआळी आणि पाडा गेलाच नाही तर कोरम भरत नाही, आणि कोरम नाही तर सभा नाही, ठराव नाही, शेड नाही. सही करायचीच नाही म्हटल्यावर कोण काय लिहिणार? जमुनेने विचारलं, "पन आपण जाऊन नको बोललो तर?" तात्या म्हणाले, "तुला कागदातला काय कलतं?"

दोन दिवस ते दारोदार फिरले. शैलेशला झोपेतून उठवून त्याच्याकडून हो म्हणवून घेतलं. पाड्यावर कधी जायचं तेही त्यांनी हेरून ठेवलं. दीपिका कामाला पालघरला गेली होती त्या दिवशी गेले. वीसेक माणसं जमली. तात्यांनी त्यांना सांगितलं, "सही म्हंजे संमती. तुमाला कोनी कितीबी बोलावू दे, सभेला जाऊ नका." कोणी काही विचारलं नाही. माना डोलावल्या आणि चहा केला.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं, सभा मांडली आणि एकोणसाठ माणसं आली. सरपंच घड्याळाकडे बघत बसले. ग्रामसेवक दिग्विजय सांगलीकडचा, तरुण आणि बोलायला गोड. त्याने तासभर वाट पाहून गणपूर्तीअभावी सभा तहकूब केली. ही बातमी आळीत पोचली तेव्हा तात्या अंगणात येरझाऱ्या घालत होते. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शैलेशच्या पाठीवर थाप मारली. तात्यांनी कोणाला हात लावलेला आळीने त्याआधी पाहिला नव्हता.

त्याच संध्याकाळी मंडळाने उकडहंडी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, वर पाला, आणि भोवती शेणी रचून जाळ. जो तो तात्यांचं डोकं वाखाणत होता. मडकं उघडायच्या वेळी दीपिका आली. तिने खायला घेतलं नाही.

"तात्या, हे बरा नाय झाला. आठ दिसांनी हीच सभा परत होते. आन तहकूब सभेला कोरम लागत नाय. दहा मानसं असली तरी ठराव होतो."

जमलेली माणसं तात्यांकडे बघू लागली. तात्या हसले. "मी अठ्ठावीस वरसं सरकारी कागदात काडली, पोरी. बारावीचा पुस्तक मला वाचून दाखवू नको."

"मी नाय सांगत, नेम सांगतो. तीन तारखेला या. मी हात जोडते."

तिने खरंच हात जोडले. आणि तात्यांची खात्रीच पटली, कारण सही हवी असल्याशिवाय कोण एवढे हात जोडतं? एक डाव फसला, आता घाबरवून सह्या घ्यायच्या. ती गेल्यावर त्यांनी तसं बोलूनही दाखवलं, आणि आळीने शेंगा खाता खाता ते ऐकून घेतलं.

तरी तात्या ते तात्याच. दुसऱ्या सकाळी ते पंचायतीत गेले आणि दिग्विजयला आडून विचारलं, ग्रामसभेला कोरम लागतोच ना? दिग्विजय उठून उभा राहिला. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. "तात्या, तुम्हाला नियम मी काय सांगायचा? तुम्ही आमचे सीनियर. ग्रामसभेला कोरम लागतोच."

सीनियर. अठ्ठावीस वर्षं ज्याला 'अरे राऊत, पाणी आण' म्हणून हाक मारली गेली, त्याला हा शब्द कुठे लागला असेल ते ज्याचं त्याने समजावं. बोंबलाचा वाटा उलटा करून बघणाऱ्या माणसाने हा एक वाटा तसाच पिशवीत टाकला. चहा संपवून ते घरी आले आणि पुढचे आठ दिवस कोणी विचारलं तर म्हणायचे, मी वरून खात्री करून आलोय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत.

तीन तारखेला चिंचआळीतून कोणी गेलं नाही. दहा तारखेला सकाळी पंचायतीचा ट्रॅक्टर आला आणि गुरचरणात, विहिरीपासून वीस पावलांवर, गावचा कचरा ओतून गेला. शेड होईपर्यंत तात्पुरता, असं ड्रायव्हरने सांगितलं. बायका कळशा घेऊन उभ्याच राहिल्या. वाऱ्याने उडून दोन पिशव्या विहिरीत पडल्या. शैलेश पाळीवरून येऊन तसाच तिथे उभा राहिला आणि तात्यांना म्हणाला, "आता काय करायचं?" त्याच्या आवाजात राग नव्हता, तात्यांकडे उत्तर असणार अशी नेहमीची खात्री होती.

तात्या तडक पंचायतीत गेले आणि ठरावाची नक्कल मागितली. ती लगेच मिळाली, यानेच त्यांना संशय आला. बाहेर येऊन त्यांनी कागद उन्हात धरला. खाडाखोड शोधली, मागाहून घुसवलेली ओळ शोधली, शाईचा फरक शोधला. काही नव्हतं. तारीख बरोबर, जावक क्रमांक बरोबर, सह्या खऱ्या. इतका निर्मळ कागद त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यात लिहिलं होतं की तहकूब सभा असल्याने गणपूर्तीची आवश्यकता नाही. उपस्थित अकरा. विरोध एक, दीपिका झिपरू धोडी. आणि खाली, चिंचआळी व धोडीपाडा येथील अन्य एकाही ग्रामस्थाने दोन्ही सभांत हरकत घेतलेली नाही, सबब जागा निश्चित करण्यात येत आहे.

ते परत आत गेले. "तुमी मला बोललात, कोरम लागतो."

"लागतोच की, तात्या. पहिल्या सभेला. तहकूब सभेचं तुम्ही कुठं विचारलंत?" दिग्विजय याही वेळी उठून उभा राहिला होता.

घरी न जाता तात्या गुरचरण ओलांडून पाड्यावर गेले. पायात आदल्या दिवशीच्या लग्नाच्या पत्रावळी येत होत्या. कारवीच्या कुडाच्या घरात दीपिका जमिनीवर बसून जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज लिहीत होती. शेजारी गुरचरणाचा सातबारा पडला होता. तात्या उंबऱ्याशीच उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत तीन वेळा जुळवलं होतं, तोंडातून एवढंच आलं, "माजा चुकला, पोरी. मी तुला त्या गाडीत बघितला, आन..."

"कोनच्या गाडीत?" तिला आठवायला वेळ लागला. "ती? ती गाडी आमचा प्रदीप चालवतो, मामेभाव. सातबारा काडून येताना त्यानं वाटेत घेतला मला." ती परत लिहू लागली. तिने ते रागाने म्हटलं असतं तर तात्यांना बरं वाटलं असतं.

त्यांनी नक्कल पुढे केली. "पन तीन तारखेला तुजी सोडून पाड्याची पन एक सही नाय यात. आमी नाय आलो, ठीक. पन तुजी आई तरी?"

दीपिका लिहीतच राहिली. चुलीपाशी बसलेली तिची आई, ठमी, पदराला हात पुसत पुढे आली. तिने तात्यांना बसायला पाट टाकला.

"मी निंगाले व्हते, तात्या. चांगला लुगडा नेसून निंगाले. मंग मना आठवला, तुमी येऊन सांगितलात जाऊ नका. पोरगी रडली. बोलली, आये, तू तरी चल. मी बोलले, तू काल शिकलीस. तात्या कागदाचा मानूस हाय, तो आपल्याला फसवाचा नाय."

तात्या पाटावर बसले नाहीत. त्यांना बसवेना आणि जाववेनाही. ठमीने लेकीच्या हातातला अर्ज घेतला आणि उलटा धरून त्यांच्यासमोर केला.

"आता परत ती यावर अंगठा मागते," ती म्हणाली. "मी तिला बोलले, थांब, तात्यांना विचारते. देऊ का, तात्या?"