कोपर गार्डचा पाखरांचा रिपोर्ट

भाद्रपदात गणपती बोळवल्यावर आमच्या पलटणीची एक कंपनी पुण्याहून ठाण्याला आली. त्या वर्षी घाटात दरोड्यांची धास्ती होती. दरोडेखोर रूळ उखडतील, तारा तोडतील, अशी सरकारला भीती. म्हणून ठाणे ते कल्याण लोहमार्गावर जागोजाग गार्ड बसवले. कोपर गावाजवळच्या मोरीचा, म्हणजे रुळांखालच्या लहान पुलाचा, गार्ड माझ्याकडे आला. मी तेव्हा नाईक होतो. हाताखाली सहा शिपाई.

पुढे हवालदार होऊन मी पेन्शनीत निघालो. आता हात थरथरतो, म्हणून मी सांगतो आणि मुलगी लिहिते. ती मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकली आहे. कमी बोलते. मी थांबलो की तिची लेखणी थांबते, पण ती मधे प्रश्न विचारत नाही. या कामाला तेच बरं.

कोपरची जागा अशी होती. रुळांच्या एका बाजूला भातखाचरं आणि गाव. दुसऱ्या बाजूला खाडी. भरतीला पाणी थेट बांधाला लागे. ओहोटीला मैलभर नुसता काळा चिखल, त्यात सापासारखे वळलेले पाण्याचे ओघळ. आमचा तंबू बांधावर होता. पहाटे पाचला उठायचं, सहाला सेंट्री बदलायची, दर दोन तासांनी रिलीफ. संध्याकाळी ठाण्याला रिपोर्ट. दरोडेखोर कोणी दिसला नाही. आठ दिवसांत शिपाई कंटाळले.

मग कप्तान साहेबांची ऑर्डर आली. साहेबांना पाखरांचा नाद होता. पाऊस सरला की उत्तरेकडून लाखो पाखरं या खाडीवर उतरतात. कुठली कधी आली, किती आली, हे साहेब लिहून ठेवत आणि विलायतेला कळवत. त्यांनी प्रत्येक गार्डला एक रजिस्टर दिलं. रकाने पाच: वेळ, नाव, संख्या, दिशा, शेरा. वेळेसाठी आपलं एक जुनं घड्याळही दिलं. ऑर्डर स्पष्ट होती. थवा उठला किंवा उतरला की आधी घड्याळ बघायचं, मग मोजायचं, मग लिहायचं. बाकी सगळं नंतर.

शिपायांनी त्याची चेष्टा केली. तुकाराम नावाचा एक शिपाई सेंट्रीवर असताना लांब टांगांचा पक्षी बांधावर आला. तुकारामने बंदूक पुढे केली आणि ओरडला, "हुकुमदार! फ्रेंड का दुश्मन?"

"परवलीचा शब्द विचार की त्याला," तंबूतून कोणीतरी म्हणालं.

"विचारला. नुसतं चिखलाकडे बघतंय. आपल्या नाईकासारखं."

मी हसलो नाही. ते रजिस्टर मला आवडू लागलं होतं. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे पाखरू म्हणजे पिकावरून हाकलायची गोष्ट. इथे मी चिखलात चोच खुपसणारी तुतारी ओळखायला शिकलो, चिखल्या ओळखायला शिकलो, शेपूट हलवणारा धोबी घटस्थापनेच्या दिवशी पहिल्यांदा दिसला तो वेळेसकट लिहिला. थवा दहा-दहाच्या हिशेबाने कसा मोजायचा ते साहेबांनी मला स्वतः दाखवलं. खालच्या माणसाला साहेबाने काही शिकवणं तेव्हा फार होत नसे.

खरं शिकवलं ते पास्कूने. पास्कू शिपाई ठाण्याच्या खाडीकाठच्या ख्रिस्ती गावातला. घरी भातशेती आणि मासेमारी. वय बावीस-तेवीस. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. चिखलावरून चालणारा गार्डमध्ये तो एकटाच. पाखरांची सगळी नावं त्याला येत. साहेबांची नव्हे, त्याच्या गावाची.

"नाईक, तुमी घाटावरचे," तो म्हणायचा. "चिखोल तुमाला नाय कलाचा. तुमी उतरलांव का म्हशीसारखे बसाल, ना मंग आमी शेपटीला धरून वरती वढाचा."

एकदा त्याने मला बांधावर बसवून समजावलं. "पाखरा चरतान तवर मानसान चालाचा. पाखरा उठली का मानसान भायेर. पानी आदी त्यांच्या पायांना लागतं. तुमाला दिसाच्या आदी."

मी ते ऐकलं. लिहिलं नाही. रजिस्टरमध्ये तसा रकाना नव्हता.

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पास्कूला एक वेगळी तुतारी दिसली. राखी पाठ, आखूड पिवळे पाय, आणि लांब चोच टोकाकडे वर वळलेली. मीही पाहिली. असं पाखरू त्याच्या गावातही कोणी पाहिलेलं नव्हतं. मी रिपोर्ट पाठवला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. लाल पेन्सिलीने साहेबांचा शेरा होता: "शंकास्पद. शिपायाची नजर चुकू शकते."

दसऱ्याला ती पुन्हा दिसली. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल पेन्सिल.

हवालदारासाठी माझं नाव वर गेलेलं होतं. आपला रिपोर्ट दोनदा खोटा ठरला, ही गोष्ट मला लागली. मी साहेबांना निरोप पाठवला की पाखरू पुन्हा पुन्हा येतं, हुजुरांनी स्वतः यावं.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी साडेनऊला साहेब ठाण्याहून ट्रॉलीने आले. बरोबर ट्रॉली ढकलणारी चार माणसं, एक दुर्बीण आणि एक बंदूक. साहेब म्हणाले, पाहिलेलं पाखरू कोणी मानत नाही, हातात पाहिजे.

दहा पंचवीसला पास्कूने बोट दाखवलं. साहेबांनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नाईक, तुम सच्चा था." ते ऐकून मला किती बरं वाटलं, ते इथे सांगायलाच पाहिजे.

दहा चाळीसला साहेबांनी बार काढला. आसपासची पाखरं उडाली आणि जरा पलीकडे पुन्हा उतरून चरू लागली. ती तुतारी चिखलावर पडली. बांधापासून दोनशे पावलं, दोन ओघळांच्या पलीकडे.

पास्कू हळू आवाजात मला म्हणाला, "पानी फिरला, नाईक. पुनवेचा पानी हाय. संध्याकाळच्याला ओहटीवर आनू."

"तोवर घार उचलेल," मी म्हणालो.

साहेबांनी मला विचारलं, "आदमी जा सकता है?"

"जी, साहेब."

हे उत्तर देताना मी पास्कूकडे पाहिलं नाही.

त्याने बूट काढले. मोरीच्या कामाची एक फळी पडली होती ती घेतली, चिखलावर टाकून तीवरून सरकायला. उतरताना म्हणाला, "मी खाली मान घालून असेन. तुमी पाखरांवर नजर ठेवा. उठली का बोंब मारा."

"मारतो. जा."

दहा पन्नासला तो पहिल्या ओघळापलीकडे होता. अकराला दुसऱ्या. मग तो पाखरू शोधत इकडेतिकडे फिरला. एकदा हात वर करून सापडल्याची खूण केली आणि वाकला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी समोरचा सगळा थवा उठला.

मी घड्याळ पाहिलं. अकरा दहा. रजिस्टर उघडलं, वेळ लिहिली. साहेबांनी दुर्बीण थव्याकडे वळवली आणि विचारलं, "कितने?" मी दहा-दहाच्या हिशेबाने मोजलं. तीनशे चाळीस. संख्या लिहिली. थवा मिठागरांकडे वळेपर्यंत थांबलो, दिशा लिहिली. पाचवा रकाना शेऱ्याचा. तिथे लेखणी टेकली आणि मला पास्कूचं बोलणं आठवलं.

मी ओरडलो. घड्याळात तेव्हा अकरा तेरा झाले होते.

वारा आमच्या अंगावर येत होता, हाक गेली नाही. तुकारामने हवेत बार काढला. पास्कूने वर पाहिलं. आधी पाखरांच्या जागेकडे, मग आमच्याकडे. पाणी लाटेसारखं येत नाही. ते ओघळांतून मागून येतं. त्याच्या आणि आमच्यामधले दोन्ही ओघळ भरले होते. तो निघायला वळला आणि तिथेच अडकला. उजवा पाय मांडीपर्यंत चिखलात गेलेला.

तुकाराम आणि आणखी एक शिपाई उतरले. वीस पावलांवर कमरेपर्यंत रुतले. त्यांना पगड्यांना गाठी मारून बाहेर ओढावं लागलं. ट्रॉलीचा एक माणूस गावात होडीसाठी पळाला. साहेब बांधावर उभे होते. ते एकदाच बोलले, "रोप! रोप लाओ!" दोर चाळीस हात होता.

पास्कू ओरडला नाही. तो फळीशी काहीतरी करत होता, ते मला इतक्या लांबून कळलं नाही. त्याचं डोकं मला शेवटचं दिसलं ती वेळ अकरा पस्तीस. ती मी तेव्हा कुठेही लिहिली नाही.

होडी पावणेबाराला आली. होडीवाला कोपरचा म्हातारा होता. त्याने पाण्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या रजिस्टरकडे पाहिलं.

"पाखरा उठली तवा तुमी काय करत होते?"

मी रजिस्टर मिटलं.

फळी तरंगत बांधाला लागली. तिला पास्कूची पगडी घट्ट बांधलेली होती. आत ती तुतारी, कोरडी. साहेबांनी टोपी काढली आणि पाखरू दोन्ही हातांनी घेतलं. संध्याकाळी ओहोटीला पास्कू सापडला.

दुसऱ्या दिवशी ठाण्याहून हवालदार मेजर लिहिलेला कागद घेऊन आला. त्यात होतं की शिपाई पास्कू परवानगी न घेता आंघोळीला उतरला आणि बुडाला. ड्यूटीवर नव्हता.

"हे खरं नाही," मी म्हणालो.

"गार्डवरचा माणूस शिकारीला लावला असं लिहू? साहेब जाईल. 'जी साहेब' म्हणणारा नाईक त्याच्या आधी जाईल. सही कर."

मी सही केली. चौथ्या महिन्यात हवालदार झालो.

पास्कूला त्याच्या गावच्या ख्रिस्ती देवळाच्या आवारात पुरलं. गार्डतर्फे मी गेलो होतो. सगळे पांगल्यावर त्याची आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"खाडीवरचा पोर आंगोलीला उतरून बुडला?" ती म्हणाली. "माजा पास्कू? बोल नाईक. तू व्हतास ना थय?"

"आई, रिपोर्ट तसाच आहे."

"रिपोर्ट नाय विचारला तुला."

पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली. तिकडून त्यांनी मला एक छापील पान पाठवलं. इंग्रजी होतं. मधे त्या तुतारीचं चित्र होतं, तेवढं मी ओळखलं. ते पान मी कोणाही कारकुनाला दाखवलं नाही. साहेबांनी त्यात खरं लिहिलं असेल, तर माझी सही खोटी ठरणार होती. आणि खरं लिहिलं असेल, तर पास्कूच्या आईला दाखवायला तो एकच कागद होता. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. पान पेटीच्या तळाशी राहिलं. शेजारी हसले तरी मुलीला मी मिशनच्या शाळेत घातली. का घातली, हे मी कोणाला सांगितलं नाही, तिलाही नाही.

पास्कूची आई दोन वर्षांपूर्वी वारली. मी तिच्या माघारी पान बाहेर काढलं. हेही लिहिलं पाहिजे.

गेल्या रविवारी मुलीने ते वाचलं. आधी मनातल्या मनात, मग मला मराठीत सांगितलं. पाखराचं लॅटिन नाव. चोचीची लांबी, पंखाची लांबी. ठिकाण कोपर, कल्याणच्या खाडीजवळ. एक नग, नर. त्या भागातली पहिली खात्रीची नोंद. शेवटी एक ओळ होती: पाखरू चिखलातून आणायला थोडा त्रास पडला.

"पुढे?" मी विचारलं.

तिने पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"पुढं काही नाही, आबा."

मी तिला पहिल्यांदाच पास्कूबद्दल सांगितलं; तिने पान घडी करून पेटीवर ठेवलं. मग उठली आणि न सांगता दौत-लेखणी घेऊन आली.

मी तिला कोऱ्या कागदावर पाच रकाने आखायला सांगितले. वेळ: अकरा वाजून पस्तीस मिनिटे. नाव: शिपाई पास्कू, कोपर गार्ड. संख्या: एक. दिशा हा रकाना तिने रिकामा ठेवला, मी तो तसाच राहू दिला. शेरा: ड्यूटीवर होता. हाक तीन मिनिटं उशिरा मारली.

लिहून झाल्यावर तिने कागद माझ्याकडे सरकवला. सही मी स्वतः केली. अक्षर वाकडं आलं, पण नाव वाचता येतं.