निळ्या लोकांचा हेवा

मंडळी, आज दुपारी आमच्या बेंगळुरूतल्या, एचएसआर लेआउटच्या घरात एका अंतराळ साम्राज्यावरून भांडण पेटलं, आणि या वयात मी चक्क जळलो.

माझी नात सानिका आणि तिचा ऑफिसातला मित्र चेतन, हा बेळगावचा, दोघंही एका अंतराळ मालिकेचे भक्त. त्यातल्या साम्राज्यात म्हणे निळ्या कातडीच्या लोकांना अधिकारी होऊ देत नाहीत.

"ते नंतरच्या कादंबरीत घुसडलंय. मूळ मालिकेत नाही, म्हणजे धरायचं नाही," चेतन म्हणाला.

"मग मूळ मालिकेत एक तरी निळा अधिकारी दाखव! सगळे हमालीच करतात. भेदभाव काय पाटी लावून करतात का रे?" सानिका कडाडली. एकेक प्रसंग तिला तोंडपाठ.

एके काळी माझ्या शाळेतल्या कविता तिला अशाच पाठ होत्या. मी मुद्दाम ओळ चुकवायचो आणि ती मांडीवरून ओरडायची, "आजोबा, चुकलात! असं नाहीच्चे!"

म्हणून आज चहा देता देता मी तिची लाडकी चांदण्यांची कविता म्हटली. शेवटच्या कडव्यातली एक ओळ मुद्दाम बदलली आणि तिच्याकडे बघत थांबलो.

"सूपर, अज्जा!" चेतन म्हणाला; आजोबांना तो कानडीत अज्जाच म्हणतो. सानिकानंही गोड हसून टाळ्या वाजवल्या आणि दोघं पुन्हा निळ्या लोकांकडे वळले.

मला टाळ्या नको होत्या हो. भांडण हवं होतं.

तुमच्याशी घरातलं कुणी अजून कवितेच्या ओळीवरून भांडतं का?