खालच्या खणातली फाइल

त्याचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुठं उरलंच नव्हतं. कचेरीत सगळे त्याला ‘स्मरणपत्रे’ म्हणत. चेष्टाच ती, पण नाव चपखल होतं. पोलीस खात्याच्या परदेशी पत्रव्यवहार शाखेत, जिन्याला लागून असलेल्या टेबलावर, तो सव्वीस वर्षं बसला. कुठं अतिरेक्यांचा हल्ला झाला, स्फोट झाला, की दुसऱ्या देशाच्या पोलिसांकडून माहिती मागवायची पत्रं तिथून जायची. एकेक पत्र पाच सह्या घेत, दोन मंत्रालयं फिरत आठ महिन्यांनी पोचायचं. त्यावर उत्तर आलं नाही की आणखी सहा महिन्यांनी स्मरणपत्र, आणि ते हा धाडायचा, न चुकता. दुसरा कोणी असता तर वर्षभरात कंटाळला असता.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याच्याकडे एक बाई यायच्या. शाळेत शिवण शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांची एकुलती एक मुलगी परदेशात एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. तिथल्या बसस्थानकात बाँब फुटला, त्या संध्याकाळपासून तिचा पत्ता नाही. अकरा मृतदेहांची ओळख पटली नव्हती. बाईंनी आपल्या रक्ताचा नमुना दिला, तो तिकडे गेला, आणि ‘त्या अकरांशी जुळवून पाहा’ एवढंच मागणारं पत्र नऊ वर्षं लोंबकळत राहिलं.

“भाऊ, काही आलं?”

“नाही ताई. पण मी आहे ना मागे लागलेला.”

एवढंच बोलणं. मग त्या पाणी पिऊन जिना उतरायच्या. एकदा छत गळून कपाटातले तीन गठ्ठे भिजले, तेव्हापासून ताईंची फाइल तो आपल्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवायला लागला, जेवणाच्या डब्याशेजारी.

मग सहा देशांचा नवा करार झाला. जुने करार मोडीत निघाले आणि सगळ्यांचं मिळून एक संयुक्त केंद्र उभं राहिलं. सह्या नकोत, टपाल नको, एकच अर्ज आणि तोही संगणकावर. जुन्या मागण्या तीन महिन्यांत केंद्राकडे नोंदवा, नोंद नसलेल्यांचे नमुने नष्ट केले जातील, असं परिपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं. पण ह्यानं परिपत्रकं काय कमी पाहिली होती? सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे अंगात मुरलेलं. “ह्यांचे तीन महिने म्हणजे तीन वर्षं,” असं तो शेजारच्या टेबलवाल्याला हसून म्हणाला.

केंद्राची माणसं कपाट रिकामं करायला आली. चारशे बारा फाइली. धडाधड स्कॅन करून ढिगात टाकत होती, एकीची पानं दुसरीत. ह्या पसाऱ्यात ताईंची फाइल द्यायची? छे! ती आपण वेगळी पाठवू, रीतसर, पाच सह्यांनिशी, म्हणजे कुणाच्या नजरेतून सुटणार नाही. त्यानं खण उघडलाच नाही. ‘शाखेत काही शिल्लक नाही’ ह्या कागदावर मात्र सही ठोकली. शहाण्या माणसाला दुर्बुद्धी सुचते ती अशी.

पाच सह्यांना अकरा आठवडे लागले. एक साहेब रजेवर, एकाची बदली. अखेर पाकीट तिकडच्या पोलिसांच्या जुन्याच पत्त्यावर गेलं. “ताई, ह्या खेपेला खास पाठवलंय,” त्यानं सांगितलं, आणि बाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

चौथ्या महिन्यात केंद्राकडून उत्तरं यायला लागली. वीस-वीस वर्षं कुजलेली प्रकरणं पंधरा दिवसांत निकालात निघत होती. आणि एक दिवस ह्याचं पाकीट परत आलं. वर शिक्का होता, ‘हे कार्यालय बंद झाले आहे.’

तो तसाच केंद्राच्या इथल्या कचेरीत धावला. तिथल्या बाईसाहेबांनी त्याच्यासमोर दहा मिनिटांत अर्ज भरून पाठवला. नवव्या दिवशी उत्तर आलं. मुदतीत मागणी न आल्यामुळे नमुने नष्ट केले आहेत, त्या अकरा जणांना एकत्र मूठमाती दिली आहे, आता तपासण्यासारखं काही उरलेलं नाही.

“केंद्राकडून राहिलं म्हणून सांग,” शेजारचा म्हणाला. “त्या बाईंना काय कळणार आहे?”

चार दिवस त्यानं हे मनात घोळवलं. खोटं का बोला, मोह झाला होता त्याला. पण सोमवारी बाई येऊन खुर्चीत बसल्या आणि त्याला ते जमलं नाही.

“ताई, चूक माझी आहे,” तो म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगितलं. काही म्हणजे काही लपवलं नाही.

बाई मांडीवरची पिशवी धरून ऐकत होत्या. “म्हणजे द्यायची राहिली?”

“राहिली नाही. मीच मागे ठेवली. नीट जावी म्हणून.”

मग बाई म्हणाल्या, “कुठं ठेवली होती?”

त्यानं खण ओढला. डब्याशेजारी फाइल होती. पहिल्याच पानावर मुलीचा फोटो, कामावरचा एप्रन घातलेला.

“नऊ वर्षं मी ह्याच खुर्चीत बसून विचारत होते, भाऊ,” बाई म्हणाल्या.

त्याला रडू आवरेना. बाईंनी वाकून फाइल उचलली आणि पिशवीत ठेवली. कचेरीचा कागद बाहेर न्यायचा नसतो, पण त्यानं अडवलं नाही. जिन्यापाशी जाऊन त्या थांबल्या.

“पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही. तुम्ही वाट बघत बसाल, म्हणून सांगून ठेवते.”

त्यानं मान हलवली, आणि त्या कठड्याला धरून हळूहळू खाली गेल्या.